शोकेसमधलं काळं आभाळ

अण्णा, स्टुडिओच्या शोकेसमध्ये मधोमध आता तुमचा फोटो आहे. काढला मी, पण लोक थांबतात ते तुमच्या सुनेने त्याचं जे केलंय ते बघायला. मागचं सगळं काळं, कपाळावर तेवढा उजेड. "अगदी आत्ता बोलतील," म्हणतात. मी मान डोलावतो. मी काढला तेव्हा तुम्ही बोलतच होतात, "आटप रे, चहा निवतोय." ते कुणाला ऐकू येत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पिकले, तरी माझा जळफळाट काही जात नाही. स्वतःच्या बायकोवर जळणारा नवरा अख्ख्या रत्नागिरीत मी एकटाच असेन.

तुम्ही डार्करूममध्ये फोटोच्या खालच्या भागावर हाताची सावली धरायचात आणि वर उजेड जास्त वेळ पडू द्यायचात, की आभाळ हळूहळू गडद व्हायचं. "हात हलता ठेव," मला सांगायचात. माझा हात थांबायचा आणि त्याची कड आभाळावर उमटायची. वीस वर्षं शिकवलंत, मला जमलं नाही. दोन हजार सालानंतर आपण डिजिटल कॅमेरा आणि कॉम्प्युटर घेतला, तेव्हा मनातून सुटल्यासारखं वाटलं होतं. पण राजापूरहून आलेली, डार्करूमची पायरीही न चढलेली तुमची सून त्या कॉम्प्युटरपुढे बसली आणि दोन महिन्यांत तिला ते आलं. भाट्याच्या पुलावरून मी भर दुपारी काढलेला होडीचा फोटो होता, आभाळ पांढरं फटक. तिने ते काळंनिळं केलं, ढग भरले, लाटांना धार आणली आणि उजेडाची एक तिरीप नेमकी होडीवर सोडली. तुम्ही चष्मा काढून पुसलात, पुन्हा लावलात. म्हणालात, "आता ह्यात वारा आला." मला कधी असं काही म्हणाला नव्हतात. माझा आंबेवाल्या म्हाताऱ्याचा फोटो शोकेसमधून काढून भिंतीला टेकवून ठेवलात आणि मधोमध होडी लावलीत. म्हातारा महिनाभर भिंतीकडे तोंड करून होता. तुमच्या ते लक्षातही आलं नाही.

मग ती बाई आली. तो दिवस मी विसरायचा म्हटलं तरी विसरता येत नाही. सकाळचे अकरा वाजलेत, तुम्ही मागे पासपोर्टचे फोटो कापताय, तुमची सून आत कॉम्प्युटरपाशी आणि मी काउंटरवर. एक कोळीण पायऱ्या चढून येते, टोपली बाहेरच टाकून. शोकेसकडे बोट करते.

"ह्यो फोटू कदी काढलाव? होडी आमचीच हाय. चार दिस झाले, कालच येवाची होती. असल्या आभालात कुठं गावले तुमाला हे?"

एका वाक्याचं काम होतं. बाई, फोटो दिवाळीतला आहे, आभाळ खोटं आहे. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी ते बोललो नाही. मी आत वळून म्हणालो, "अगं, बाहेर ये. तुझं आभाळ बघायला आल्यात." ती येईपर्यंत बाई पायरीच्या कठड्याला धरून खाली बसली होती, आणि मी बघत होतो.

तुमच्या सुनेचा चेहरा पांढरा पडला. तिने बाईला हाताला धरून आत नेलं, कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि आपणच केलेलं एकेक काढून दाखवलं. आधी ढग गेले, मग लाटांची धार, मग ती तिरीप. शेवटी उरली माझी रटाळ दुपार. बाईने पडद्यावर हात फिरवला, "म्हंजे पानी शांत व्हतं ना गो?" असं विचारलं आणि रडायला लागली. माझा फोटो बघून कुणी रडलं असेल तर तेवढंच, अण्णा.

तुम्ही बाहेर आलात. आता हिला बोलणार, म्हणून मी वाट बघत राहिलो. तुम्ही होडी शोकेसमधून उतरवलीत आणि म्हणालात, "चूक माझी. खाली लिहायला हवं होतं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवलात. "घाबरलास ना रे? शब्दच फुटेना तुला." मी हो म्हणालो.

होडी संध्याकाळी आली, इंजिन बिघडलं होतं एवढंच. दुसऱ्या दिवशी बाई सुरमई घेऊन आली आणि ती मला नाही, "वैनींना" दिली. मला त्याचाही राग आला. पोट बिघडलंय असं सांगून मी जेवलो नाही. तुम्ही मला ताक करून दिलंत.

कॉम्प्युटरच्या खुर्चीतून काउंटर सरळ दिसतं, ऐकूही येतं. हे मला तुम्ही गेल्यावर, तिच्या खुर्चीत बसलो तेव्हा कळलं. म्हणजे तिला तेव्हापासून माहीत आहे. तिने तुम्हाला सांगितलं नाही, मलाही कधी बोलून दाखवलं नाही. आभाळ तिच्याहून चांगलं करायला मी एखादवेळेस शिकलोही असतो. हे मला जमलं नसतं.

आत्ता ती आतून विचारतेय, "अहो, काय लिहिताय एवढं?" मी म्हटलं, काही नाही. हा कागद पाठवायचा कुठे? खरं तर तो तिलाच दाखवायला हवा, आणि तेवढं धाडस माझ्यात नाही. पण तुमच्यापुरतं सांगतो, अण्णा. मी घाबरलो नव्हतो.