मांडवावरची वांझ फुलं

३ ऑगस्ट
नाय गो बाय, माझी नजर नाय लागली तुझ्या भोपळ्याला. असंच सांगितलं जाऊबाईला. बारकी भोपळी पिवळी पडून गळतायत, त्यात माझा काय हात? विधवा, वर बिनपोराची, म्हणून माझ्या डोळ्यात वीख. म्हटलं, एवढं वीख असतं तर शेतावर उंदीर मारायला ठेवलं असतंस मला. हसली नाय.
दुपारी तिनंच टोपलीभर फुलं खुडली, भजीला. ज्याच्या खाली भोपळा नाय ते वांझ फूल, ते खुडायचं. "वांझ फूल, ये गो, पीठ कालव," अशी सुनेला हाक. सुरेखा आली. कालवलं.

६ ऑगस्ट
जाऊबाईची लेक शिल्पा आली रोह्याहून. कॉलेजात झाडांचंच शिकते. भोपळ्याच्या मांडवाखाली बसून ब्लेडनं फूल चिरलं. "काकी, हे वांझ नाय. हा नर. सगळे नर तुम्ही भजीत घालता, मग मधमाशी पराग आणणार कुठून? म्हणून भोपळी गळतात."
पोट दुखेस्तोवर हसले. नर तो, आणि नाव बाईचं!
नंतर जेवण गेलं नाय.

७ ऑगस्ट
शिल्पा सांगते, फूल म्हणजे मुळातली पानंच. कोट्यवधी वर्षांत बदलत गेली. आधी एकाच फुलात नर-मादी दोन्ही, मग भोपळ्यासारख्यांनी वेगळी चूल मांडली. अजून कळी बारकी असते तेव्हा आत दोन्ही असतं. एक वाढतं, एक राहून जातं.
राहून जातं.
म्हटलं, पण राहिलं म्हणून कोण कळीला माहेरी नाय धाडत. घरात ठरलंय. रविवारी सुरेखाचा भाऊ जिते गावाहून येणार, तिला कायमची माहेरी न्यायला. चार वर्षं झाली, पाळणा नाय. तिच्या नवऱ्याला, महेशला, दुसरी बघतायत.

८ ऑगस्ट
जाऊबाईला विचारलं, महेशला तपासलं का?
"माझ्या पोराला? कंपनीत डबल शिफ्ट मारतो तो!"
म्हटलं, शिफ्ट मारून पोरं होत असती तर कंपनीच्या गेटावर पाळणे टांगले असते. ताट आपटून गेली.
ट्रंकेत लुगड्याखाली ह्यांचा कागद हाय. पेणच्या डॉक्टरचा. दोष ह्यांचा. हे म्हणाले, कोणाला सांगू नको. नाय सांगितलं. चोवीस वर्षं वांझ म्हणून वावरले. हे गेले तरी...

९ ऑगस्ट
दाखवला कागद. जाऊबाई वाचेना. "मेलेल्या माणसावर ढकलतेस? लाज नाय?" महेश दारात होता. त्यानं वाचला. चप्पल घालून गेला. कुठं, कोणास ठाऊक.

१० ऑगस्ट, रविवार
सकाळी सुरेखा नि मी मांडवाखाली. शिल्पानं दाखवलं तसं नराच्या पाकळ्या काढून मधला दांडा मादी फुलाला टेकवला. तीन फुलं केली. सुरेखाची पिशवी ओट्यावर भरलेली. भाऊ अजून आला नाय, महेशपण नाय.
म्हणाली, "काकी, ह्या घरात तुम्ही एकट्याच माझ्या बाजूच्या."
मी हातातल्या नराच्या पाकळ्या काढत राहिले.
वांझ फूल हे नाव जाऊबाईनं नाय ठेवलं तिला. मी ठेवलं. दोन वर्षांमागं, भजी तळताना, चार बायकांत. हसवायला, असं आजवर स्वतःला सांगत आले. खोटं. माझ्यावरचं नाव उतरून तिच्यावर जावं म्हणून ठेवलं.