भरीव माल

शिवाजी पेठ, कोल्हापूर
सोमवार, दि. २८ एप्रिल २०२५

ऋतुराज,

नावाच्या वर ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ लिहायची आपल्या घरची पद्धत आहे. आज पेन तिथंच अडलं, म्हणून ती जागा मोकळी सोडली आहे. तू फोन उचलत नाहीस, मेसेज न वाचताच पुसतोस. कागद तेवढा पुसता येत नाही. पोस्टमन हे पत्र पेठ वडगावला तुझ्या एजन्सीच्या काउंटरवर आणून देईल, आणि गिऱ्हाइकासमोर बहिणीचं पत्र फाडायला तुला थोडी तरी लाज वाटेल, असं मी धरून चालले आहे.

इकडे सगळे ठीक. सासूबाईंचा गुडघा तसाच. आदर्शभावजींच्या तालमीची फुटबॉल टीम उपांत्य सामन्यात हरली, त्यामुळे घरात दोन दिवस सुतक असल्यासारखं होतं. मुलांच्या परीक्षा संपल्या. आई बरी आहे. डोंगरावर ऊन मी म्हणतंय, पण वारा असतो. आई बरी आहे.

काल रविवार, म्हणून जोतिबाला गेले होते. दर्शन घेऊन आईच्या दुकानात बसले. दुकानात नारळ होते, खोबरं होतं, कापूर होता, दवणाही होता. गुलाल नव्हता. ज्या डोंगरावर कुत्रीसुद्धा गुलाबी होऊन फिरतात, तिथं चिमणाबाईच्या दुकानात गुलाल नव्हता. एक बाई लेकराला घेऊन आली, म्हणाली, “मावशी, गुलाल द्या की.” आईनं शेजारच्या दुकानाकडं बोट दाखवलं.

हे वाचून तुला काही वाटलं की नाही, मला कळायला मार्ग नाही. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

फाल्गुनात तू गाडी भरून ते सोलर पॉवर स्टेशनचे डबे घेऊन आलास. पायरीवरच्या टपऱ्यांना मीटर नाही, यात्रेत जनरेटरचं भाडं परवडत नाही, हे तुला चांगलं ठाऊक. त्याच पायरीवर वाढलास की. “दिवसा पॅनेल उन्हात धरायचं, रात्रभर दिवे लावायचे, लोकांचे मोबाइल चार्ज करून द्यायचे,” असं तू सांगितलंस. हजार वॅट, हजार वॅट, असं तोंडानं चाललं होतं. नळ केवढा ते सांगत होतास, टाकी केवढी, म्हणजे आत वीज किती साठते, ते कुणी विचारलं नाही आणि तूही बोलला नाहीस.

आईनं नारळ पारखतो तसा तो डबा पारखला. दोन्ही हातांत उचलून वजन घेतलं, कानाशी नेऊन हलवला. “भरीव हाय. आत काय लटलटत न्हाय,” म्हणाली. तेवढ्यावर ती सगळ्या पायरीनं फिरली. टपरीवाल्या बाळाबाई नको नको म्हणत होत्या, त्यांना म्हणाली, “माझ्या ल्योकाचा माल हाय, घ्या की.” आणि त्यांनी घेतला. तुझा नाही घेतला, ऋतुराज. आईचा शब्द घेतला.

मग रीतीप्रमाणं पूजा झाली. आईनं डब्याला नारळ वाढवला आणि पॅनेलवर चांगभलं म्हणत मूठभर गुलाल टाकला. तिचं बघून सगळ्यांनी टाकला. देवाचा गुलाल फडक्यानं पुसायचा नाही, म्हणून कुणी पुसलाही नाही. तू तिथंच उभा होतास. फोटो काढत होतास.

यात्रेच्या संध्याकाळी पालखी निघायच्या आतच दिवे गेले. आधी बाळाबाईंचे, मग खालच्या अंगाचे एकेक करत सगळे. ऐन गर्दीत पायरीवर अंधार. लोकांनी तुला फोन लावला, स्पीकरवर. तू म्हणालास, “पॅनेलवर गुलाल टाकलाय न्हवं? मग मशीन मरणारच. वॉरंटीत बसत न्हाय. आमच्या आईनंच टाकायला लावला आसंल. तिला काय कळतंय त्यातलं?”

आई तिथं उभी होती. सगळ्यांच्या मध्ये. “व्हय,” म्हणाली, “माझीच चूक.”

तुझ्या त्या वाक्याची मला अजून शिसारी येते. पाल अंगावर पडली की आंघोळ केली तरी ती जागा शिवशिवते, तसं झालंय.

मी आईचा डबा आणि पॅनेल घरी आणलं. तुझ्यावर अन्याय नको, म्हणून आधी तुझंच म्हणणं तपासलं. भर दुपारी गच्चीवर गुलालासकट पॅनेल मांडलं, डब्याच्या पडद्यावरचा आकडा बघितला. मग ओल्या फडक्यानं पॅनेल स्वच्छ पुसलं. पुसताना देवाची माफी मागितली. आकडा चांगला वर चढला. म्हणजे गुलालानं चार्जिंग कमी होतं, इतकं तुझं खरं. आणि इतक्या खऱ्याच्या आडोशाला बसून तू उरलेलं सगळं खोटं खपवलंस.

कारण नंतर मी डबा भिंतीतल्या प्लगला लावला. पडद्यावर शंभर टक्के येईपर्यंत ठेवला. भिंतीतल्या विजेला कुठला आलाय गुलाल? मग त्यावर साधा टेबलफॅन लावला. भाताला आधण ठेवलं होतं. भात झाला, आणि पंखा थांबला. पडद्यावर अजून साठ टक्के होते. तो पडदा पण तुझ्याच वळणाचा.

आदर्शभावजींकडं तालमीच्या स्पीकरसाठी दुसऱ्या दुकानातून घेतलेला एक डबा आहे. लेबलवरचा आकडा तोच. त्यावर रात्री तोच पंखा लावला. सकाळी दूधवाला आला तरी फिरत होता.

मग भावजींनी तुझ्या डब्याचे स्क्रू काढले. एका कोपऱ्यात अंगठ्याएवढे थोडे सेल, चिकटपट्टीनं गुंडाळलेले. बाकी जागेत प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेली वाळू.

मी ती पिशवी दोन्ही हातांत उचलून वजन बघितलं.

वरून माल तसाच आला, असं तू म्हणशील. म्हण. स्क्रूवर तुझ्या एजन्सीचं सील होतं. आणि मला एक सांग. बाकीच्या जगात लोक लेबल वाचतात, बिल बघतात. डब्याचं वजन दोन्ही हातांत घेऊन बघणारी, कानाशी धरून हलवणारी माणसं तुला कुठं भेटली होती? ती वाळू कुणासाठी भरलीस, ऋतुराज? नारळाच्या ढिगावर झोपवून जिनं तुला वाढवलं, तिचे हात फसवायला भरलीस ना? चोर बरा. तो निदान परक्याच्या घरात शिरतो.

काल हे सगळं आईला सांगायचं ठरवून मी डोंगर चढले होते. दुकानात जाऊन बघते तर नारळाच्या जागी डबे. माळ्यावर डबे, बाकाखाली डबे. सगळ्यांचे परत घेतलेत. आपल्या दुकानाचा नियम तुझ्या लक्षात असेल. नारळ देवापुढं फोडल्यावर नासका निघाला, तर गिऱ्हाइकाला एका शब्दानं न विचारता दुसरा द्यायचा. आई म्हणते, “माल माझ्या तोंडानं गेलाय, माझ्या दुकानात परत येऊ दे.” दुसरा डबा देणं तिच्या हातात नाही. म्हणून यंदा दसऱ्यापर्यंत तिच्या मीटरवरून वायर ओढून बाळाबाईंना आणि खालच्यांना दिवे दिलेत. स्वतःचा पंखा बंद ठेवते. विचारलं तर म्हणते, “वारं हाय की.” वरती लिहिलं ना मी, वारा असतो म्हणून.

सगळ्यांत आधी बाळाबाई त्यांचा डबा ठेवून गेल्या. जाताना त्यांनी आईच्या हातचा चहा घेतला नाही.

मी म्हटलं, “आई, गुलाल का विकत नाहीस?” तर म्हणाली, “गुलालानं मशीन मरतंय असं मीच सगळ्यांम्होरं कबूल केलंय. मग गुलाल विकायला कशी बसू?”

मी सांगायला तोंड उघडलं. पण तिनं बाळाबाईंचा डबा उचलला, कानाशी नेला आणि हलवला. पिशवी फुटली असावी. आत काहीतरी सरसरलं.

“वाळू निघाली न्हवं?” आई म्हणाली.

तिला ठाऊक होतं. पहिला डबा परत आला त्याच दिवशी तिच्या कानाला कळलं होतं. तरी ती गुलालाची चूक, माझी चूक, असं म्हणत बसली आहे. तुला खोटं पाडायचं नाही, म्हणून देवाच्या गुलालाला खोटं पाडलं तिनं. दुकानातली गुलालाची पोती तिनं देवळात नेऊन दिली आणि हात धुतले. कालपासून माझ्या डोळ्यांपुढून ते हात जात नाहीत. त्या हातांच्या रेषांतला गुलाबी रंग मी आजवर कधी गेलेला बघितला नव्हता. तो गेलाय.

मला म्हणाली, “मला कळलंय हे त्येला सांगू नगंस. मग त्येला माझ्याकडं यायला तोंड ऱ्हायाचं न्हाय.”

मी मान डोलावली होती. तरी लिहिते आहे. तिचं म्हणणं, कळलं तर तू येणार नाहीस. माझं म्हणणं, तिला सगळं कळलंय हे माहीत असून आलास, तरच तू आलास. एरवी गाडी लावून, पाया पडून, प्रसाद घेऊन परत जाणारे भक्त रोजच येतात.

येत्या रविवारी ये. पायरीवर गर्दी असताना ये. बाळाबाईंपासून सुरुवात कर, आणि तुझ्या तोंडानं सांग की गुलालाचा दोष नव्हता. डब्यांचं काय करायचं ते नंतर तू बघ. आधी तेवढं सांग, आणि देवळातून एक पोतं गुलाल स्वतःच्या खांद्यावर आईच्या दुकानात आणून ठेव. ती काही बोलणार नाही. तिच्यापुढं उभा राहा तेवढा.

तू हॉस्टेलवर होतास तेव्हा आईच्या प्रत्येक पत्रात गुलालाची पुडी असायची, आठवतं? पत्र वाचायच्या आधी तू ती कपाळाला लावायचास. सवयीनं आताही बोटं पाकिटात घालशील, म्हणून सांगते. आतली पुडी मी बांधली आहे. ती कपाळाला लावू नकोस. बाळाबाईंच्या डब्यातली वाळू आहे ती.

चिमणाबाईची लेक,
संयोगिता