दोनशे चाळीसची दिडकी

रविवार, २ नोव्हेंबर १९९७
आजपासून रोजनिशी. उद्योजकाने आपले विचार नोंदवून ठेवावेत, असं परवा टीव्हीवर एक सूटवाला सांगत होता.
पहिला विचार: मत्सर माझ्या स्वभावात नाही.
दुसरा: वरच्या मजल्यावरचा प्रसन्न मला आवडत नाही. याचा पहिल्याशी संबंध नाही.
माणूस पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरातलं सरकारी क्वार्टर बायकोच्या, रेवतीच्या, नावावर. आमचंही शालिनीच्या नावावर आहे, पण माझं नोएडात टाइल्सचं स्वतःचं दुकान आहे. फरक आहे.
शिवांगी पाचवीत, सरकारी शाळेत. माझाच आग्रह. मी मिरजेच्या म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकलो, माझं काय बिघडलं? शालिनीने यादी दिली होती, ती इथे लिहीत नाही.
गणित अडलं की पोरगी माझ्याकडे यायची. दसऱ्यापासून जिन्यात जाते. दर रविवारी प्रसन्न कॉलनीतली पोरं पायऱ्यांवर बसवून गणित शिकवतो. पाढे नाहीत. खडू, आगपेटीच्या काड्या आणि सॅम्पलच्या टाइल्स. टाइल्स माझ्याच दुकानातल्या. मागायला आला तेव्हा मीच हसत हसत दिल्या.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
जेवताना भात यायच्या आत प्रसन्नकाकाचं नाव चारदा. काका म्हणतात, चूक झाली की मज्जा येते. काका म्हणतात, पाढा विसरला तर परत बनवता येतो. मी म्हटलं, पाढा म्हणजे काय पराठा आहे? शिवांगी म्हणाली, हो, बिल्कुल तसाच. शालिनी हसली. माझ्या विनोदाला नाही.
संकल्प: उद्यापासून सकाळी सहाला शिवांगीला पावकी, निमकी, दिडकी. कुठल्याही आकड्याची पावपट, निमपट, दीडपट तोंडावर. आमच्या गुरुजींनी छडीने शिकवली, अजून अंगात आहे.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
संकल्प सोमवारपासून. थंडी अचानक पडली.
शाळेतून निरोप. बालदिनाला पालकसभा. गणित पाठ करून शिकवायचं की करून बघून, यावर चर्चा. हेडमिस्ट्रेस विजयालक्ष्मी मॅडम एक रिकामी खोली गणिताला देणार आहेत, तिथे शनिवारी कॉलनीतल्या कुणीतरी तास घ्यायचा. प्रसन्नचं नाव सुचवलंय म्हणे. त्याला अजून मूलबाळ नाही, हा पॉइंट सभेत मांडणार. शालिनी म्हणाली, मांडलात तर मी सभेतून थेट माहेरी अकोल्याला जाईन. पॉइंट रद्द.

रविवार, ९ नोव्हेंबर
आयडिया सुचली. त्या खोलीची जमीन उखडलीय. मी फरशी भेट देणार, आणि किती टाइल्स लागतील ते भर सभेत, कागदाशिवाय, दिडकीने सांगणार.
गोदामात आठ इंची हिरव्या टाइल्स चार वर्षं पडून आहेत, खोकी उंदरांनी खाल्ली. नव्या फ्लॅटवाल्यांना हिरवं नको, बाथरूममध्ये इटली हवी. म्हणजे शाळेचं भलं, गोदाम मोकळं, प्रसन्न गार.
दीड टाइल म्हणजे एक फूट. खोली वीस बाय बारा, दोनशे चाळीस फूट. दोनशे चाळीसची दिडकी तीनशे साठ. दाढी होता होता झालं. दुकानात हे काम अतुल करतो, खोक्यावर छापलेलं वाचून. मालकाने बोलायचं असतं.
जेवताना सगळ्यांना सांगितलं. शिवांगीने घास तसाच धरून ठेवला. भारावली असणार.

बुधवार, १२ नोव्हेंबर
संध्याकाळी शिवांगी हातात दोन-चार टाइल्स घेऊन आली. बाबा, एक सांगू? रागावणार नाही ना? मी भाषण पाठ करत होतो. म्हटलं, सभा झाल्यावर. ती म्हणाली, मग उपयोग नाही. पोरगी माझ्यापेक्षा जास्त घाबरलीय.
मग जिन्यात गेली. माझे कान पहिल्यापासून तिखट, गिऱ्हाईक बायकोशी काय कुजबुजतं त्यावरून भाव सांगतो. शिवांगीचा आवाज: काका, प्लीज, सभेत तुम्ही काही बोलू नका ना. त्याचा: ओके, प्रॉमिस.
बापाची बाजू वर राहावी म्हणून त्याला गप्प बसवते. शेवटी मुलगी कुणाची.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
सकाळी स्कूटरला किक मारतोय तर प्रसन्न आला. म्हणाला, बाळासाहेब, सभेआधी एकदा दोन बाय दोन फुटांचा चौकोन आखून टाइल्स मांडून बघू या का? पाच मिनिटं. मी म्हटलं, अरे यार, मांडून बघायचं ते तुम्ही. आम्ही तोंडाने करतो.
स्पष्ट घाबरलाय. स्कूटर मात्र त्यानेच सुरू करून दिली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
जिंकलो. हिंदीतून अर्धा तास बोललो. मग मॅडमनी खोलीचं माप वाचलं आणि मी छताकडे बघून म्हटलं, तीन सौ साठ. टाळ्या. दिडकी म्हणजे काय हे एकालाही कळलं नाही, पण इम्प्रेशन पडलं. मागच्या रांगेतला एक बाप म्हणाला, ये होती थी पढ़ाई.
प्रसन्न शब्द बोलला नाही. बुटांकडे बघत होता. शिवांगीही बुटांकडेच बघत होती, ती विनयाने.
शनिवारचा तास मला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
माल गेला. बरोबर तीनशे साठ. अतुल म्हणाला, थोड्या जादा टाकू का, शेठ? म्हटलं, दिडकीत जादा नसतं.

गुरुवार, २० नोव्हेंबर
मिस्त्रीचा फोन. माल खतम. म्हटलं, काम खतम? म्हणाला, नहीं जी, एक तिहाई बाकी.
आधी चोरीचा संशय. मग वाटलं, याने सांधे रुंद ठेवले. मग वाटलं, मॅडमनी खोलीच लहान सांगितली. स्वतः टेप लावली. वीस बाय बारा. माप बरोबर निघाल्याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.
गोदामात हिरवी एकही उरली नाही. कंपनीने रंग बंद केलाय. शालिनीला सांगितलं, पुढची जागा मोकळीच ठेवायची होती, हवेसाठी.

शनिवार, २२ नोव्हेंबर
पहिला तास. पोरं हिरव्यावर, मी उघड्या सिमेंटवर. पाढा सुरू करणार तोच एक पोरगा म्हणाला, अंकल, टाइलें कम क्यों पड़ीं?
मी खोकलो. परत खोकलो. शिवांगी उठली. खडूने सिमेंटवर दोन बाय दोन फुटांचा चौकोन आखला आणि दप्तरातून टाइल्स काढल्या. दप्तर जड का होतं ते तेव्हा कळलं. तिने विचारलं, बाबा, हे चार फूट. दिडकी किती? म्हटलं, सहा. तिने सहा मांडल्या. एक पट्टी उघडीच राहिली. मग आणखी तीन. चौकोन भरला. नऊ.
दीडपट लांबीला करायची, मग रुंदीलाही, ती पोरांना हिंदीत म्हणाली. बाबांनी एकदाच केली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, चूक झाली की मज्जा येते, बाबा.
पोरांना आली.
घरी येताना विचारलं, बुधवारी हेच सांगणार होतीस? हो. आणि काकाला गप्प का बसवलंस? म्हणाली, ते बोलले असते तर सगळे तुम्हाला हसले असते.
म्हणजे तो मुद्दाम गप्प बसला. याचा जास्त राग आला.

रविवार, २३ नोव्हेंबर
मॅडमना सांगून शनिवारचा तास प्रसन्नला दिला. मला दुकान आहे.
सकाळी जिन्यात पोरं आली. दोन टाइल्स पोचवायच्या निमित्ताने गेलो. शिवांगी सरकली, पायरीवर वर्तमानपत्र अंथरलं, म्हणाली, बसा. प्रसन्नने सगळ्यांना एक कोडं घातलं. माझंच तेवढं अडलं. शिवांगीचं झालं होतं. तिने उत्तर आधी प्रसन्नला दाखवलं, हे मी पाहिलं.
मग माझ्याकडे सरकून म्हणाली, बाबा, एक सांगू? रागावणार नाही ना?
म्हटलं, सांग.
दोनशे चाळीसची दिडकी मात्र तीनशे साठच होते. हे नोंदवून ठेवतो.