ताईच्या बटणांचा डबा आणि इतर जंगम मालमत्ता

सर्वप्रथम एक तक्रार, जी मी तीनदा लेखी केली आणि जिची दखल कोणीही घेतलेली नाही. आमच्या चर्चमध्ये गुडघ्यांखाली घ्यायला ज्या नव्या उशा आणल्या आहेत, त्या शिट्टी वाजवतात. माणूस नम्र होऊन टेकला की त्याच्या नम्रतेच्या वजनाप्रमाणे बारीक किंवा जाड सूर निघतो. पाळकसाहेब म्हणाले, "जरा हळू टेकत जा." छप्पन्न वर्षांचे गुडघे हळू टेकणं म्हणजे काय, हे त्यांना अजून वीस वर्षांनी कळेल. तोवर ही तक्रार एखाद्या दस्तऐवजात असावी, म्हणून इथे नोंदवली. आता मुख्य विषय.

मी, खाली सही करणारा, वय वर्षे छप्पन्न, धंदा पुस्तकबांधणी, धर्म ख्रिस्ती, शाळेत संस्कृतात सलग चार वर्षे पहिला (ही बाब वकिलांनी दोनदा खोडली आणि मी दोनदा परत लिहिली), असं जाहीर करतो की हा मजकूर मी कोणाच्या दडपणाखाली, धाकाने किंवा नशेत लिहीत नसून माझं मन ठिकाणावर आहे. हे वाक्य मोठ्याने वाचलं तेव्हा बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्या ठिकाणाचा पत्ताही लिहा. शोधायला बरं पडेल."

येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, नेहमीचंच ऑपरेशन आहे. त्यांचं नेहमीचं असेल, माझं पहिलंच आहे. सबब हा कागद.

१. राहतं घर, त्यातल्या भांड्याकुंड्यांसह आणि गळक्या नळासह, माझ्या बायकोचं. नळ मी पुढच्या रविवारी दुरुस्त करणार होतो. हे मी नऊ वर्षं म्हणत आलो. आता कोणी खोटं ठरवू शकणार नाही.

२. बँकेत जे असेल तेही तिचंच. त्यातून तिने चर्चला न वाजणाऱ्या उशा घेऊन द्याव्यात, अशी विनंती. अट नाही. पण विनंती कळकळीची आहे.

३. माझी हत्यारं, म्हणजे सुया, मेण लावलेला दोरा, कागदाला घडी घालायची हाडाची पट्टी आणि दोन्ही सुऱ्या, आमच्या लेकीला. ती दातांची डॉक्टर आहे. बारीक हत्यारं आणि तोंड उघडून बसलेली माणसं यांची तिला सवय आहे. माझ्याकडे पुस्तकं तशीच येतात.

४. प्रार्थनांच्या एकेचाळीस वह्या. इथे थोडा खुलासा लागेल.

मी प्रार्थना लिहून द्यायचो. कोणाचं दुकान उघडायचं असो, कोणाची पोर परगावी निघालेली असो, लोक यायचे आणि म्हणायचे, "तुमची भाषा चांगली आहे, चार ओळी द्या." मी चाळीस द्यायचो. परमेश्वराला मी एकदा एका श्वासात अकरा विशेषणं लावली होती, त्यातली तीन सामासिक. मंडळी भारावून जायची. मी खाली मान घालून, कोण कोण भारावलं ते बघायचो.

माझी थोरली बहीण मात्र म्हणायची, "पंडित, देव काय परीक्षक आहे का रे? मार्क मागतोस की काय मागतोस?"

एकट्याने बसलो तरी तेच. मनात वाक्य उमटायच्या आत मी ते सुधारायला घ्यायचो. क्रियापद बदलून होईपर्यंत ज्याच्यासाठी मागत होतो तो माणूस विसरलेला असायचा. एकेचाळीस वह्या भरल्या, आणि एवढ्या काळात मी देवाशी धड बोललो नाही. वह्यांच्या पानांची मागची बाजू कोरी आहे. बायकोने वाणसामानाच्या याद्यांसाठी वापरावी. निदान त्या तरी मनापासून लिहिलेल्या असतील.

५. ताईचा डबा.

हीच माझी खरी मालमत्ता, तेव्हा वाचणाऱ्याने चष्मा पुसून घ्यावा.

ताई कपडे शिवायची. तिच्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, त्यात बटणं. एक बटण म्हणजे एक माणूस. कोणी आजारी पडलं, कोणाचं घरात बिनसलं, कोणी उगाचच तिला आवडलं, की एक बटण डब्यात जायचं. सकाळी मशीनवर बसण्याआधी ती एकेक बटण चिमटीत धरायची आणि म्हणायची, "हिला बघ." मग पुढचं. "याला बघ." झाली प्रार्थना.

मी एकदा म्हटलं, "ताई, एवढंच? काही संदर्भ नको का द्यायला?"

"त्याला माणूस पाठ आहे रे. मीच विसरते, म्हणून बटण."

शेवटचे चार महिने ती आमच्या धाकट्या भावाकडे होती आणि तिथेच गेली. त्यानंतर महिन्याभराने पोस्टाने डबा आला. सोबत चिठ्ठी नव्हती. उघडून बघतो तर बटणं दोऱ्यांनी एकमेकांत अडकलेली: कुठे दोन, कुठे तीन, एका ठिकाणी सात. आता मी पडलो बुकबाइंडर. सुटं टोक दिसलं की माझा हात आपसूक कात्रीकडे जातो. तासाभरात सगळे दोरे कापले, बटणं फडक्याने पुसली, आकाराप्रमाणे कप्प्यांत लावली. मोठा टापटिपीचा देखावा झाला. मग चहा घ्यायला बसलो, आणि कप तोंडाशी नेताना उजेड पडला. ते दोरे गुंतलेले नव्हते. ताईने बांधलेले होते. आई आणि तिची मुलं. नवरा आणि बायको. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं, ज्यांना तिने निदान डब्यात तरी शेजारी ठेवलं होतं. सव्वादोनशे माणसांची ताटातूट करून मी चहा पीत होतो.

तो कप तसाच राहिला. बऱ्याच वेळाने मी एक बटण उचललं, शिंपल्याचं, कडेला टवका गेलेलं. कोणाचं ते माहीत नाही. विशेषण लावायचं तर माणूस तरी ठाऊक हवा! म्हणून नुसतंच म्हटलं, "ही जी कोणी असेल, तिला बघ." पुढे सुचलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

त्या दिवसापासून रोजचा परिपाठ असा. पुस्तकाला खळ लावून ते दाबाखाली प्रेसमध्ये ठेवलं की वाळेपर्यंत घाई करून चालत नाही. पूर्वी त्या वेळात मी वर्तमानपत्रातल्या चुका काढायचो. आता डबा घेऊन बसतो. खिडकीच्या दुधी काचेतून उजेड झिरपतो, कागदाची धूळ तरंगत राहते, खळीचा ओलसर वास खोलीभर असतो. बटण बोटांत उबदार होतं. आपण बोलतो आहोत की कोणी आपल्याला ऐकतं आहे, यातला फरक हळूहळू पुसट होतो. कधीकधी डोळे मिटले की वाटतं, खोलीत माणसं उभी आहेत. सव्वादोनशे जण, पण दाटी नाही. प्रत्येकाच्या कोटाचं एकेक बटण तुटलेलं आहे आणि तिथे त्यांनी हाताने कोट आवळून धरलाय. कोणालाच घाई नाही. ताई कागदाच्या थप्पीवर बसून पाय हलवते आहे. आणि त्या सगळ्यांच्या मागे दाराशी आणखी कोणीतरी आहे, ज्याच्याकडे ती बोट दाखवते आणि म्हणते, "मला काय सांगतोस? त्याला सांग." मी वळून बघत नाही. बघायची गरज वाटत नाही. तो आहे, एवढं पुरतं. मग बायको हाक मारते, "अहो, ते पुस्तक वाळून खडखडीत झालं असेल!" आणि खरंच झालेलं असतं.

हा डबा लेकीला. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मला प्रार्थना येत नाही हो."

"मलाही येत नाही. म्हणून तर डबा."

तिने तो टेबलावर ठेवावा. बटणं कपड्यांना लावू नयेत. माझ्या राखाडी कोटाचं वरचं बटण त्यात टाकावं, कोणाच्या शेजारी ते तिने ठरवावं.

६. धाकटा भाऊ.

वडिलांची मोठी लोखंडी प्रेस त्याला. लहानपणी तिचं चाक आम्ही दोघं दोन बाजूंनी फिरवायचो आणि तो मधेच हात सोडून द्यायचा. वकील म्हणतात, ज्याला काही द्यायचं तो साक्षीदार नको. म्हणून तो साक्षीदार नाही. बोलणं सहा वर्षं बंद आहे हे दुसरं कारण.

कारणाची नोंद अशी. ताई गेली ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. पोचलो, तर तो दारातच म्हणाला, "दादा, मी तुला बोलावणार होतो. तीच नको म्हणाली. म्हणाली, पंडित येईल आणि प्रार्थना लिहीत बसेल." मी त्याला खोटारडा म्हटलं, आणखी पुष्कळ काही म्हटलं, तेही शुद्ध भाषेत. तेव्हापासून चर्चमध्ये प्रार्थनेतली दुसऱ्याला क्षमा करण्याची ओळ आली की मला खोकला येतो. दर रविवारी, नेमका त्याच ओळीला. बायको न बघता खोकल्याची गोळी पुढे करते.

डब्यातली दोनच बटणं मला ओळखता आली. एक त्याच्या लहानपणच्या तपकिरी कोटाचं. कडेला चीर आहे, कारण ते मीच मारामारीत उपटलं होतं. दुसरं माझ्या शाळेच्या शर्टाचं. ती दोन्ही ताईने एका दोऱ्यात बांधली होती. तो दोराही मीच कापला. हल्ली ती बटणं माझ्या खिशात असतात. नवा दोरा ओवलाय, गाठ मारलेली नाही. ही दोन्ही प्रेससोबत त्याला द्यावीत.

७. माझ्या अंत्यविधीला कोणी दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये. पाळकसाहेबांनी खड्ड्याच्या कडेला उभं राहून "याला बघ" एवढं म्हटलं तरी चालेल. उशा आणू नयेत.

यापूर्वी मी कुठे काही लिहून ठेवलं असल्यास ते रद्द समजावं. वह्या तर रद्दच आहेत. वरील सर्व वाचून, समजून, तीन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करून, राजीखुशीने सही करत आहे.

ठिकाण: माझ्या कामाच्या खोलीतलं मोठं टेबल
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा सोमवार, सकाळी अकरा
सही: पुस्तकबांधणीवाला

साक्षीदार पहिले: शेजारचे औषधवाले. ("शुद्धीवर आहेत. रक्तदाब जरा जास्त.")
साक्षीदार दुसऱ्या: चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या मावशी. ("उशांबद्दल सहमत.")

सह्यांच्या खाली लिहिलेलं कायद्याने धरत नाहीत, असं वकील सांगतात. म्हणून हे इथे.

साक्षीदार गेल्यावर बायको म्हणाली, "मी धाकट्या भावोजींना कळवलंय. बुधवारी येताहेत." आणि ती आत गेली.

गुरुवारचं काही नाही. मला बुधवारची धास्ती आहे. त्या दिवशी दारात तो बोलला, तेव्हाच मला कळलं होतं की तो खरं सांगतोय. ते वाक्य ताईचंच होतं. तिच्यावाचून कोणाला सुचलं नसतं. हे मी सहा वर्षं कोणाला सांगितलं नाही, बटण हातात धरूनसुद्धा नाही. आता तो दारात उभा राहील. "तू खरं बोलत होतास" एवढंच म्हणायचं आहे. आणि मला भीती वाटते की मी काहीतरी सुंदर बोलायला लागेन.