दिवा लागेपर्यंत

बाबा, तुमचं प्रार्थनेचं पुस्तक ठेवायची घोडी, आईच्या शब्बाथच्या दिव्याची तिवई, तुमच्या कबरीवरची हिब्रू अक्षरं आणि ही सागवानी पेटी, एवढं मी माझ्या हातानं केलं. पेटीच्या सुरांच्या पितळी जिभा तेवढ्या मुंबईहून मागवल्या. भाता, पट्ट्या, स्प्रिंगा सगळं माझं. कुणाकडे शिकलो नाही, हे पाहुण्यांना माझ्याआधी तुम्हीच सांगायचात.

पण प्रार्थनेत पेटीला जागा नव्हती. हिंगोली स्टेशनच्या क्वार्टरातली आपली पुढची खोली हीच लाइनीवरच्या बेने इस्राएल ज्यू मंडळींची मशीद, म्हणजे प्रार्थनेचं घर, आणि पार्सल ऑफिसातून दमून आलेले तुम्ही तिचे हजान, प्रार्थना गाऊन सांगणारे. आपल्या मंडळींच्या कीर्तनाला पेटी चालायची, शब्बाथला नाही. "काहून न्हाई?" मी विचारायचो. "वाद्य बिघडतं, अन् तुझ्यासारख्याचा हात दुरुस्तीला जातो. शब्बाथला काम न्हाई." "माझी पेटी बिघडत न्हाई, बाबा." "मोठा आला कारागीर!"

मग तुमच्या गळ्यात गाठ आली. त्या शुक्रवारी माणसं जमली आहेत, तुम्ही खाटेवर, आवाज फुटत नाही. तुम्ही बोटानं पेटी दाखवता. मामा कुरकुरतात, "हे काय, भजनी मंडळ हाय व्हय?" तुम्ही कसंबसं कुजबुजता, "दिवा लागेपर्यंत शुक्रवारच हाय. वाजव." मी तुमचीच यमनातली चाल वाजवतो, तुम्ही श्वास घ्यायचात तिथंच भाता थांबवतो. मंडळी तुमच्यामागं म्हणायची तशी पेटीमागं म्हणतात. तुमचे ओठ हलत असतात.

आईनं दिवा लावला, शब्बाथ लागला. मी हात उचलला, पण वरच्या ‘सा’ची पट्टी अडकली होती. भात्यात उरलेल्या हवेवर तो सूर एकटाच ओरडत राहिला. माझा हात पेचकसाकडे गेला. तुम्ही मनगट धरलंत. "आता न्हाई." हवा संपेपर्यंत तुम्ही ते सोडलं नाहीत. शनिवारी चांदण्या दिसून शब्बाथ सुटायच्या आत तुम्ही गेलात.

शोकाचे दिवस संपल्यावर पेचकस घेतला आणि खाली ठेवला. तो आजपर्यंत तिथंच आहे. यंदा संस्थानातल्या लुटालुटीत उरलेली मंडळीही मुंबईला गेली. प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष आता जमत नाहीत. हे पत्र कुठल्या टपालात टाकू? तरी सांगतो. ती पट्टी सोडवणं माझ्या हाताला काहीच नाही. पण बाबा, ती सुटली की तुमचा हातही मनगटावरून सुटेल, असं वाटतं.

परवा कुरुंद्याचे हळदवाले पाटील आले होते. "मिस्त्री, काहून धूळ खाऊ घालून राहिले तिला? एवढी पट्टी बसवा अन् आमच्या भजनाला द्या." मी नाही म्हणालो. संस्थानच्या हाली सिक्क्याचे तीनशे रुपये देत होते.