नॉब फिरवला म्हणजे बंद नव्हे

बाबा, आज मी आमच्या लॅबमधल्या नव्या पोरीवर अशी ओरडले, की तिच्या हातातलं फडकं गळून पडलं. सरकी वाळवून ओल मोजायचा तो ओव्हन तिनं नॉब पार खाली फिरवून ‘बंद’ केला होता, आणि पुसायला आत हात घालत होती. "मॅडम, दिवा विझला ना!" म्हणे. दिवा विझला!

यवतमाळची ती बियाणं तपासणीची खोली, तुम्ही तिथं कामाला, मी सुट्टीत तुमच्या हाताखाली, आणि बोगस बियाण्याची ती वर्षं. बाहेर लोक पिशव्या घेऊन निकालासाठी बसलेत. दोन ओव्हन, मेन स्विच एकच. मेन पाडला तर दुसऱ्यात कालपासून वाळणारी सगळ्यांची सरकी वाया. आपल्या ओव्हनमध्ये तेल जळून चिकटलंय, तुम्ही पुसायला वाकता आणि विचारता, "मेन पाडला काय वं?" मी नुसता नॉब चाळीसवर आणलाय. त्याच्या खाली आकडाच नाही, ‘बंद’ असं कुठे लिहिलेलंही नाही. पण दिवा विझलाय. "हो बाबा," मी म्हणते. तुम्ही माठाच्या पाण्यात फडकं बुडवून आत घालता. थर्मोस्टॅटची आतली दांडी गार होते, टक् आवाज येतो, दिवा पेटतो, ओल्या फडक्यातून करंट बसतो आणि तुम्ही भिंतीवर जाऊन आदळता. आई शप्पथ, मला वाटलं तुम्ही गेलात.

डोळे उघडल्यावर तुम्ही आधी बोर्डावरच्या चालू मेनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुले नाही ना लागलं? नॉबनं कमी-जास्त होते पोरी, बंद नाही होत. गार झालं का तो आपल्या मनानं चालू होते." साहेब धावत आले, तर त्यांना म्हणालात, "माह्याच हातून राह्यलं." उजव्या हाताची दोन बोटं शेवटपर्यंत बधिर होती तुमची. शर्टाची बटणं आई लावायची, आणि मी दुसऱ्या खोलीत जायची. पुढं नोकरीला लागले, तर तुमचा टेस्टर माझ्या पर्समध्ये टाकलात. त्या दिवसाबद्दल तुम्ही कधीच विचारलं नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

आज ती पोरगी रडवेली होऊन म्हणाली, "एवढ्या काहून घाबरता मॅडम?" मी सगळं सांगितलं तिला. माठ, तो टक्, भिंत. फक्त म्हणाले, माझे बाबा मेन पाडायला विसरले होते.

हा कागद तिच्या हाती लागायला नको. ड्रॉवरला कुलूप घालते.