सातवा खांब

ताथवडे, १२ फेब्रुवारी

प्रिय प्राजू,

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून हे पाकीट तू आधी बाजूला ठेवशील. तरी वाच. महाळुंग्याच्या त्या कारखान्याच्या शेडमधल्या सातव्या खांबाबद्दल आहे.

एम.टेक.ला आपण दोघींनी त्या खांबांचं मॉडेल केलं होतं. वरची क्रेन माल घेऊन फिरते तेव्हा काँक्रीट आतून कुठे आणि किती दुखावतं, ते कॉम्प्युटरवर बघायचं. तुझ्या पहिल्या चित्रमालिकेत सगळे खांब निळे आले, फक्त सातव्यावर, क्रेनचा रूळ ज्यावर टेकतो त्या आधाराखाली, लाल रेघ. ती उतरून डावीकडे वळायची आणि तिला तीन फाटे फुटायचे. सर म्हणाले, "खांबावर साधा ओरखडा नाही, एवढं लाल कुठून आलं? पुन्हा तपासा." दुसऱ्यांदा चालवलं तेव्हा लाल रेघ नव्हतीच. पहिल्या वेळी तुझंच काहीतरी चुकलं होतं, असं ठरलं.

गेल्या महिन्यात दुसऱ्या कामासाठी त्याच शेडमध्ये गेले. जेवणाची सुट्टी होती, क्रेन उभी. क्रेन चालवणारे गेनूदादा, तिथल्याच गावचे, सातव्या खांबाशी डबा उघडून बसले होते. म्हणाले, "म्याडम, ह्यो खांब बोलतोय. सांगितलं तर समदी हसत्यात. तुमी कान लावून बगा." मी हसतच लावला. बराच वेळ काही नाही. मग अगदी कानाशी, आतून, टक. कुणीतरी नखाने वाजवावं तसं. थोड्या वेळाने पुन्हा टक.

मी रंग खरवडला. खाली केसाएवढी भेग होती. तुझं जुनं चित्र मोबाइलमध्ये होतं, ते शेजारी धरलं. तोच उतार, तेच वळण. फाटे मात्र दोनच. गेनूदादांनी विचारलं, "ह्यो फोटू कवा काढला?" तीन वर्षं झाली, म्हटलं. ते म्हणाले, "तवा तर भेग न्हवती." आणि डबा उचलून लांब जाऊन बसले.

चार दिवसांनी पुन्हा गेले. तिसरा फाटा आला होता, तू दाखवला होतास तिथेच. मॉडेल नीट केलं तर ते जुळणारच, हे आपण परीक्षेत लिहून आलोय गं. पण त्या खांबापुढे उभी राहून मी मोबाइलवर पुढचं चित्र उघडलं. तुझ्या मालिकेत ते एकच उरलं होतं, आणि त्यात आधार खांबाला नव्हता.

क्रेन बंद ठेवा म्हटलं तर मॅनेजर ऐकेना, ऑर्डर निघायची होती. तेव्हा गेनूदादा म्हणाले, "मी न्हाई चढनार." त्यांचं बघून बाकीचेही खाली बसले. संध्याकाळपर्यंत शेड रिकामी झाली. भेग दिसल्यापासून सहाव्या दिवशी सकाळी, टेकू लावणारी माणसं पोचायच्या आत, आधार सुटून खाली आला. खाली कुणी नव्हतं. लोक मला दुवा देतात. गेनूदादांच्या बायकोने घरी बोलावून जेवायला घातलं.

प्राजू, तुझं काही चुकलं नव्हतं. खांबातून काढलेल्या काँक्रीटच्या नमुन्याची ताकद अठरा आली होती, यायला हवी होती पंचवीस. सर ओरडले त्या दुपारी फाइलमध्ये अठराच्या जागी पंचवीस मी टाकले. मला त्यांच्या शिफारशीवर नोकरी हवी होती, ती मिळालीही. तू मात्र स्वतःच्या हातावरचा भरवसा उडाला म्हणून शिक्षण सोडून चऱ्होलीला परत गेलीस. हे सगळं काल कॉलेजला आणि कंपनीला सहीनिशी लिहून दिलंय. नोकरी बहुतेक जाईल, जाऊ दे. पण तुला हे तिसऱ्याच कुणाकडून कळायला नको होतं. वसतिगृहाच्या फाटकाशी तू बॅग घेऊन रिक्षाची वाट बघत होतीस, मी शेजारीच उभी होते. रिक्षा यायला वीस मिनिटं लागली होती.

तू अजून लिहू देत असशील तर, तुझीच
अनिता